समुद्र नको म्हणाला होतात ना, बाबा?

येना, जर्मनी, रविवार दुपार

प्रिय बाबा,

जय भीम.

उद्या सकाळी प्रकाश तुमची रक्षा समुद्रात सोडायची तारीख पक्की करायला जाणार आहे, म्हणून आज लिहायला बसले. तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. फोनवर ‘जेवलात का, गोळ्या घेतल्या का’ यापलीकडे सून सासऱ्याशी काय बोलणार! पण आता जे बोलायचं आहे ते दुसऱ्या कुणाशीच बोलता येत नाही, आणि ही सोय तुम्हीच करून ठेवली आहे. स्वतः सुटलात आणि मला पेचात टाकून गेलात.

प्रकाश नदीकाठी फिरायला गेलाय. तुम्ही गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी तो असाच एकटा चालत सुटतो. टोपी घालत नाही, सांगितलेलं ऐकत नाही. तो परत यायच्या आत मला ठरवायचं आहे. तुम्हाला दिलेला शब्द पाळायचा, की तुम्हाला पाण्यापासून वाचवायचं? दोन्ही एकदम जमत नाही हो बाबा. मी खूप प्रयत्न करून पाहिला.

तो सिनेमा आठवतो का तुम्हाला? तुम्हाला इथे येऊन महिनाच झाला असेल. असाच रविवार, दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रकाश रविवार असूनही इन्स्टिट्यूटमधल्या लेझरची विचारपूस करायला गेलेला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते आणि तुम्ही बाहेर रिमोटशी खेळत होतात. एकदम हाक आली, “वैशाली, हे पाय ना, सबमरीन!”

मी पिठाच्या हातांनीच आले. इटलीचा जुना, काळापांढरा सिनेमा होता, युद्धाच्या काळातला. त्यावर आवाज मात्र जर्मन. पाणबुडी समुद्राच्या तळाशी बसली होती आणि आतली माणसं वरच्या जहाजांची वाट बघत होती. मला वाटलं, बरं झालं, आज बाबांचा वेळ मजेत जाईल! पंधरा वर्षं पाणबुडीत काढलेला माणूस, त्याला हा सिनेमा म्हणजे माहेरच की! मी पीठ तसंच ठेवलं आणि तुमच्या शेजारी बसले.

तुम्हाला जर्मनचा एक शब्द कळत नव्हता आणि मला पाणबुडीतलं काही कळत नव्हतं. पण आपली जोडी छान जमली. मी तुम्हाला बोलणं सांगायचे, तुम्ही मला कारण सांगायचात. कॅप्टनने सगळ्यांना आडवं व्हायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, “हा काय वेडेपणा, इथे जीव जातोय आणि हे झोपतायत?” तुम्ही म्हणालात, “हवा जपून राहिले. उभा माणूस जास्त हवा खाते. बोलणारा त्याच्याहून जास्त.” मग तुम्हीही बोलायचे थांबलात.

थोड्या वेळाने माझं लक्ष गेलं. तुम्ही तोंडाने सावकाश श्वास घेत होतात, त्या पडद्यावरच्या माणसांसारखा. हात मांडीवर घट्ट. मी विचारलं, “बाबा, बंद करू का?” तुम्ही मानेनेच नाही म्हणालात.

मग त्या माणसांना एकेक करून बाहेर काढायला लागले. एक अरुंद कोठडी, तिच्यात माणूस शिरायचा, मागचं दार लावायचं, आत पाणी सोडायचं, आणि कोठडी भरली की वरचं झाकण उघडून तो वर जायचा. त्या खलाशांत एक जाडा मिशीवाला होता. सबंध सिनेमाभर सगळ्यांची टिंगल करत होता. त्याची पाळी आली आणि त्याने शिडी धरली. सोडेचना! बाकीचे आधी हसले, मग ओरडले, मग कॅप्टन त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागला.

“तो मी होय,” तुम्ही म्हणालात.

मी हसले. काहीतरीच काय बाबा, असं काहीसं म्हटलंही. तुम्ही हसला नाहीत. टीव्हीकडे बघतच सांगायला लागलात, “ट्रेनिंगमंदी पाण्यानं भरलेला टॉवर असते. खाली कोठडीत उभं करतात. पाणी पायापासून वर येते, गळ्यापर्यंत येते. मी शिडी सोडलीच नाही. मांगून एका दोस्तानं माही बोटं सोडवली अन् ढकललं. वर आलो त सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या बिचाऱ्यानं कोणाले सांगतलं नाही.”

“मग भीती गेली ना?”

“कायची जाते! नोकरी होती तोवर रोज भ्यालो. झाकण लागलं का दरवेळी.”

“मग सोडायची होती नोकरी!”

तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलंत. “काऊन सोडू? आपल्या मोहल्ल्यातून कोण गेलं होतं तिथवर? माया बापानं पेढे वाटले होते. जयंतीच्या मिरवणुकीत मले युनिफॉर्म घालून पुढं चालवत. लहान लहान पोरं माह्या मांगं चालत. त्यायले काय सांगू, का मले भेव लागते?”

कणीक वाळून चालली होती. सिनेमात त्या मिशीवाल्याचं पुढे काय झालं ते मी पाहिलंच नाही. तुम्ही पाहिलंत का?

आणि मग तुम्ही ते वाक्य टाकलंत. “मी मेलो का मले पाण्यात टाकू नका. नदीत नको, समुद्रात त बिलकुलच नको. कोरड्या मातीत ठेवा.” वर पुन्हा, “अन् हे प्रकाशले सांगू नको. त्याच्या डोक्यात त्याचा बाप जसा आहे, तसा राहू दे.”

मी म्हटलं, “अहो बाबा, त्याला न सांगता हे व्हायचं कसं?” तर म्हणे, “तू शिकलेली आहेस. पाय काहीतरी.” वा! आणि मी तरी कशी, ‘नाही सांगत’ म्हणून मोकळी झाले. मला वाटलं, अजून खूप वर्षं आहेत. तुम्ही एवढे ठणठणीत होतात, पोह्यांना मीठ कमी पडलं तरी तुमचा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू जायचा.

त्या दिवसानंतर मला तुमचं वागणं उमगत गेलं. आम्ही किती चेष्टा करायचो तुमची! लिफ्ट असताना सातव्या मजल्यापर्यंत जिने चढत यायचात आणि आम्ही म्हणायचो, बाबांची परेड सुरू झाली. न्हाणीघराची कडी कधी लावली नाहीत, आत असलात की गाणं म्हणत बसायचात, म्हणजे कुणी चुकून आत यायला नको. बाहेर बर्फ पडत असला तरी तुमच्या खोलीची खिडकी किप करून ठेवलेली, वरून चार बोटं उघडी. शेजारची फ्राऊ तर तुमच्यावर खूश होती. म्हणायची, तुमचे सासरे अगदी जर्मन आहेत, हवा खेळती ठेवतात! आणि प्रकाश हीटिंगवरून तुमच्यावर चिडायचा. तुम्ही दोघांनाही हसून दाखवायचात. एकदा तरी सांगायचंत ना!

नाही, मला सांगितलंत. मलाच का सांगितलंत, हा प्रश्न मला रोज पडतो. मी परक्या घरची म्हणून? की मी कुठल्या मिरवणुकीत तुमच्या मागून चालले नव्हते म्हणून? तुमच्यासमोर मी प्रकाशला ‘अहो’ म्हणायचे आणि तुमची पाठ वळली की ‘ए प्रकाश’. ते तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. त्याची तर ही परतफेड नव्हती?

जानेवारीत तुम्हाला खोकला झाला. साधा खोकला, असंच आपण सगळे धरून चाललो. मग दम लागायला लागला आणि तुम्हाला टेकडीवरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई प्रकाशशी जर्मनमध्ये हळू आवाजात बोलत होत्या, तुम्हाला कळू नये म्हणून. फुफ्फुसांत पाणी साठलंय, असं सांगत होत्या. त्या ‘वासर’ म्हणाल्या आणि तुम्ही चटकन माझ्याकडे पाहिलंत. एवढा एक शब्द तुम्हाला ठाऊक होता. दुकानात प्यायच्या पाण्याच्या बाटल्यांवरून शिकला होतात, माझ्याकडूनच.

ती नजर मी विसरू शकत नाही, बाबा. प्रकाशने तुमचा हात धरला होता आणि म्हणत होता, “बाबा, तुम्ही सबमरीनवाले. तुम्हाला काय होतंय!” तुम्ही त्याच्यासाठी मान हलवलीत. मास्कच्या आतून हसलातही. मी तिथे खुर्चीवर बसून होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं की अरे, बोलू नकोस असं, या माणसाला भीती वाटतेय, त्याला भिऊ दे! मी ओरडले नाही. तुमचे पाय चेपत बसले. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. त्या क्षणीही तुम्ही शांतच दिसलात, त्यामुळे प्रकाशची खात्री आणखी पक्की झाली.

इथे रक्षा घरी देत नाहीत. कायदाच आहे. कलश त्या बेश्टाटरकडे, म्हणजे अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणाऱ्यांकडे राहतो, आणि तिथून थेट कबरस्तानात जातो, किंवा परवानगी काढून समुद्रात. आपल्यात नदीच हवी, अमुकच घाट हवा असं काही नाही. त्रिशरण, पंचशील झालं, इथल्या चार ओळखीच्या कुटुंबांनी मिळून पुण्यानुमोदन केलं. तुमची रक्षा कुठेही ठेवली असती तरी कुणी बोट दाखवलं नसतं. पण समुद्राचं नाव निघालं आणि प्रकाशचा चेहरा उजळला. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा!

“हे बघ, उत्तरेच्या किनाऱ्यावर रोस्टॉकजवळून बोट निघते,” तो मला सांगत होता. “कॅप्टन स्वतः घंटा वाजवतो. झेंडा अर्ध्यावर आणतात. आणि नंतर त्या जागेचे कोऑर्डिनेट्स देतात. कोऑर्डिनेट्स, वैशाली! बाबांना यापेक्षा काय हवं असणार?”

त्याने नागपूरला शीलाआत्याला फोन लावला. तुमची बहीण तुमच्याच वळणाची, कॉलिंग कार्ड संपेपर्यंत रडत होती आणि तरी अभिमानाने बोलत होती. “दर्याचा माणूस दर्यातच जाईन ना बाप्पा! आम्ही इथं त्याचा युनिफॉर्मवाला फोटो लावतो चौकात.” सगळं ठरलं. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? माझ्या तोंडाला तुम्ही कुलूप घातलं होतं.

परवा आम्ही दोघं त्या बेश्टाटरबाईंकडे गेलो. फार सभ्य बाई. समुद्रासाठी वेगळा कलश असतो, तो त्यांनी टेबलावर ठेवला. दिसायला साधा मातकट, हाताला खडबडीत. पाण्यात विरघळतो म्हणे. मी विचारलं, “सोडल्या सोडल्या विरघळतो?” त्या म्हणाल्या, “नाइन, नाइन. आधी सरळ तळाशी जातो. तिथे बसतो. मग हळूहळू आत पाणी शिरतं.” आणि समजावून सांगावं म्हणून त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ मिटली आणि सावकाश उघडली.

प्रकाश म्हणाला, “गेनाऊ, अगदी बरोबर. छान आहे हे.” मी उठून बाहेर आले. दाराबाहेरच्या बाकावर बसले. बाबा, तळाशी जायचं, तिथे बसायचं आणि पाणी आत यायची वाट बघायची. आयुष्यभर ज्याला भ्यालात तेच आम्ही तुम्हाला द्यायला निघालो होतो, घंटा वाजवून आणि झेंडा उतरवून. तेही प्रेमाने! या पोराच्या प्रेमात काडीची खोट नाही, म्हणून तर माझी जीभ उचलत नाही.

सांगितलं तर त्याचा बाप त्याच्या हातून जाणार. नाही सांगितलं तर तुम्ही पाण्यात जाणार. दार वाजलं. आला तो. थांबते.

*

पुन्हा बसले आहे. बाहेर अजून उजेड आहे. प्रकाश आतल्या खोलीत आहे.

मी शब्द मोडला, बाबा. तो बूट काढत होता, कान लाल झाले होते थंडीने. चहा करते म्हणाले असते तर मग मी काही बोललेच नसते, म्हणून उभ्या उभ्याच सांगितलं, “बाबांना समुद्र नको होता.”

“कोण म्हणालं?”

“बाबा म्हणाले. मला.”

मग सगळं सांगितलं. सिनेमा, शिडी, बोटं सोडवणारा दोस्त, कोरडी माती. मध्ये कुठे थांबले नाही, थांबले असते तर रडले असते. तो एक बूट हातात घेऊन ऐकत होता.

“माझे बाबा घाबरट नव्हते,” तो म्हणाला.

“मी घाबरट कुठे म्हटलं?”

“पंधरा वर्षं पाण्याखाली राहिलेला माणूस पाण्याला घाबरतो? तुझं तुला कळतंय का, काय बोलतेस? काहीतरी पिक्चर लागला होता, म्हातारा माणूस गमतीत काहीतरी बोलला असेल. मला का नाही कधी बोलले मग? मुलगा आहे मी त्यांचा!”

“तुला कसे बोलणार होते?” माझाही आवाज चढला. “तू एकदा तरी त्यांना भिऊ दिलंस का? इस्पितळातसुद्धा सबमरीनवाले, सबमरीनवाले!”

हे मी बोलायला नको होतं. त्याने बूट खाली टाकला आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसला. नळ सोडून ठेवला होता, म्हणजे मला काही ऐकू येऊ नये. मी पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. आपण आज दोन माणसांचं वाटोळं केलं असं मला वाटत होतं, एक गेलेला आणि एक जिवंत.

बऱ्याच वेळाने नळ बंद झाला. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. म्हणाला, “मला पोहता येत नाही, माहीत आहे ना तुला?”

माहीत होतं. मला वाटायचं, शिकला नसेल, त्यात काय.

“मोहल्ल्यातली सगळी पोरं अंबाझरी तलावावर जाऊन पोहायला शिकली. मला हसायची. बाप पाण्याखाली राहतो आणि पोरगा काठावर चपला सांभाळतो. बाबा सुट्टीवर आले की मी पहिल्याच दिवशी विचारायचो, मला शिकवाल? ते म्हणायचे, उद्या जाऊ. सुट्टी संपायची. एकदा मी टॉवेल घेऊन दारात बसून राहिलो, तर मागच्या दाराने निघून गेले. मला वाटायचं, मी त्यांना आवडतच नाही. इतक्या लांबून येणारा बाप, आणि पोराला तळ्यावर न्यायचं म्हटलं की पळतो.” मग म्हणाला, “म्हणजे ते मला टाळत नव्हते.”

“नाही रे.”

“इतकी वर्षं मी…” तिथेच पॅसेजमध्ये, बुटांच्या रांगेत खाली बसला आणि रडला. तुम्ही गेलात त्या दिवशीही रडला नव्हता तो. बाबा, एक राग आहे माझा तुमच्यावर, तो आज सांगून टाकते. मोहल्ल्यासाठी तुम्ही शूर राहिलात ते ठीक. पण त्या टॉवेल घेऊन बसलेल्या पोराला तेवढं खरं सांगितलं असतंत, तर काय बिघडलं असतं?

रडून झाल्यावर तो म्हणाला, “पण आत्याला काय सांगायचं? चौकात फोटो लावणार आहेत.”

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मी म्हटलं, “सांग, वैशाली ऐकत नाही. तिला बाबांची जागा इथे जवळ, डोंगरावरच्या कबरस्तानात हवी आहे, जाऊन बसायला.”

“सगळे तुला बोल लावतील.”

“लावू देत.”

त्याने फोन लावला आणि तसंच सांगितलं. पलीकडून आत्यांचा आवाज मला लांबूनही ऐकू येत होता. मग त्यांनी मलाच फोनवर बोलावलं. “तुले काय माहीत, दर्या काय असते त्याच्यासाठी?” त्या म्हणाल्या. “माह्या भावाले भेव म्हणून कशाचं नव्हतं. त्याले तू डोंगरात गाडून राहिली. सून आहेस का कोण आहेस?” सगळं खरं खरं माझ्या जिभेवर आलं होतं, बाबा. एक वाक्य, आणि मी सुटले असते. प्रकाश माझ्याकडे बघत उभा होता. मी एवढंच म्हटलं, “आत्या, माझं चुकलं असेल. पण मला ते जवळ हवेत.” त्यांनी फोन ठेवला. आता पुष्कळ दिवस त्या माझ्याशी बोलणार नाहीत. कदाचित कधीच नाही.

म्हणून हे वचन देते. तुमची भीती आमच्या दोघांपलीकडे जाणार नाही. चौकात फोटो लागेल, पोरं त्याला हार घालतील, तुम्ही त्यांच्यासाठी तसेच राहाल. उद्या प्रकाश तिथे जाऊन समुद्र रद्द करेल. शहराच्या वरच्या अंगाला, उतारावर कबरस्तान आहे. काल मी कुणाला न सांगता बघून आले. चुनखडीचा डोंगर आहे, तिथल्या माळ्याने फावडं मारून दाखवलं, बर्फ वितळून गेला तरी खालची माती कोरडी, भुरभुरीत होती. इथे जागा कायमची देत नाहीत, काही वर्षांनी मुदत संपते. मुदत संपली की मी वाढवून घेईन. आम्हाला हे गाव सोडावं लागलं तरी येऊन वाढवून घेईन. आणि कुणी विचारलंच की समुद्रातला एवढा शूर माणूस या डोंगरावर कसा आला, तर सांगेन, सुनेचा हट्ट होता.

तुमची हट्टी सून,
वैशाली